एका बोटाचं दार

काकांच्या जुन्या गाडीचं काकूंच्या बाजूचं दार बिजागऱ्या झिजून पार लोंबायला लागलं होतं. जरासं वर उचलून धरल्याशिवाय ते उघडत नसे की लागत नसे, आणि ती खुबी एकट्या काकांनाच जमायची. त्यामुळे दर वेळी ते गाडीला वळसा घालून यायचे, काकूंसाठी दार उघडायचे आणि त्या नीट बसल्या की हलकेच लावून घ्यायचे. कॉलनीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या आणि आपापल्या नवऱ्यांचा उद्धार करायच्या.

यंदा काकांनी गाडी नव्यासारखी करायला काढली. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं बिजागऱ्या सोडवल्या, झिजलेल्या पिना फेकून नव्या घातल्या, पितळी बुश ठोकले. दार एका बोटानं उघडायला लागलं.

रविवारी काकू नटूनथटून गाडीपाशी उभ्या राहिल्या. गॅलऱ्या भरलेल्या होत्याच. काका थेट स्टिअरिंगमागे जाऊन बसले आणि हॉर्न वाजवला.

"अगं बस की, आता काय पाटावर बसवून नेऊ?"

 

सोमवारी सकाळी काकू एकट्याच गॅरेजवर गेल्या. "मिस्त्री, त्या जुन्या पिना भंगारात शोधून देता का जरा?"