खुंटलेली फांदी

पणजोबांचा धाकटा भाऊ रुसून घर सोडून गेला आणि शिंपीदादांच्या वंशवृक्षाची एक फांदी तिथेच खुंटली. वंशावळी शोधणाऱ्या हौशी लोकांच्या ऑनलाइन गटातल्या नर्सताईंनी जंग जंग पछाडून तिचा माग काढला. आज व्हिडिओ कॉलवर त्या हसत म्हणाल्या, "दादा, तो धाकटा म्हणजे माझेच पणजोबा. आपण भावंडं निघालो."

दादांचे डोळे भरून आले. "आपलं माणूस सापडलं, ताई. पण ते रुसले तरी कशावरून?"

"थोरल्याने वडिलांचं टोले देणारं घड्याळ हडपलं म्हणे. आमच्याकडे अजून थोरल्याच्या नावाने बोटं मोडतात."

दादांनी खुर्ची हळूच डावीकडे सरकवून मागची भिंत झाकली.

"ताई, मला पुरावा जरा कच्चाच वाटतोय."

तेवढ्यात त्यांच्या डोक्यामागे टोले पडू लागले.