एका खिडकीपुरता उजेड

एनॉसनं टोपी काढली, तिच्या आत घडी घालून ठेवलेला कागद बाहेर ओढला आणि मलिंडाच्या पुढ्यात सरकवला. कागद घामानं ओलसर झाला होता. बग्ग्या बनवणारा माणूस तो; रेघा मारण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण टॉर्च त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच काढली होती, आणि ती बग्गीच्या आसासारखी दिसत होती.

"विकतची का नको?" मलिंडानं विचारलं.

"विकतच्या टॉर्चचा उजेड फार सांडतो."

खरं तर येताना रस्ताभर त्यानं देवाजवळ एकच मागणं मागितलं होतं, आज दुकानात दुकानदार मेनो एकटाच असू दे. मेनो होताही. पण त्यानं कानशीवरून मान न उचलता सांगून टाकलं, "टॉर्चचं काम माझी मुलगी बघते." तारेची वीज आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या घरांत येत नाही, सेलची चालते, आणि सेलवरच्या दिव्यांचं सामान मिळणारं दुकान आसपासच्या पाच गावांत हे एकच. एनॉसला ज्या खिडकीवर झोत टाकायचा होता, तीही इथलीच. मागच्या अंगणातल्या अक्रोडाच्या झाडापासून कपडे वाळत घालायची दोरी माडीवरच्या ज्या खिडकीपर्यंत गेली होती, ती. मलिंडाची.

लग्नाचं विचारायची इथली रीत अशी, शनिवारी रात्री मुलानं खाली उभं राहून मुलीच्या खिडकीवर झोत टाकायचा. तिच्या मनात असेल तर ती खाली येते. नसेल तर पडदा ओढून घेते. मग त्याबद्दल दोघं एकमेकांना काही बोलत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला दोन बाजूंच्या बाकांवर बसतात. एनॉसच्या वयाच्या सगळ्यांची लग्नं होऊन रीतीप्रमाणे दाढ्या वाढल्या होत्या. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याची हनुवटी तेवढी गुळगुळीत राहिली होती.

"हवी कशाला?" मलिंडानं कानामागची पेन्सिल काढली.

"गोठ्यात. गाय व्यायला झालीय."

"झोत किती लांब जायला हवा?"

"पस्तीस फूट."

मलिंडानं ते लिहून घेतलं, मग मान वर केली. "गाय तिकडं आणि तू पस्तीस फूट इकडं? भितोस की काय तिला?"

"थोडासा," एनॉस म्हणाला.

"झोत पसरट हवा की बारीक?"

"बारीक. एवढाच." त्यानं हातांनी हवेत आकार काढला. तो चांगला तीन फूट उंच नि दोन फूट रुंद, चौकोनी निघाला. त्यानं घाईघाईनं हात खाली घेतले. "शेजारी सांडायला नको."

"शेजारी कोण बांधलंय?"

"रात्री झोत मारणाऱ्या त्या गाढवालाही एक करून दे अशी!" कोपऱ्यातून मेनो ओरडला. कानशीचा आवाज थांबला होता. "मार्चमधलं सांगतो, एनॉस. मध्यरात्री कुणीतरी हिच्या शेजारच्या आमच्या खिडकीतून सरळ माझ्या तोंडावर झोत मारला. मी ताडकन उठून बसलो. बायकोला हलवलं, म्हटलं, लिडिया, ऊठ गं, प्रभू आले! तर ती म्हणते, मग आधी दात लावा."

मलिंडा इतकी हसली की तिच्या पांढऱ्या टोपीचे बंद हलायला लागले. एनॉस सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं. त्या रात्री पळताना तो दोन कुंपणं ओलांडल्यावरच थांबला होता.

डोळे पुसून मलिंडानं कागद आपल्याकडे वळवला. "मूठ लाकडाची नको. एलईडी तापते, तिची धग बाहेर पडायला वाट लागते. पितळेची नळी घे. बग्गीच्या दिव्याची एखादी पडली असेल ना तुझ्याकडं?"

"आहे."

"मग आत खोल वाटी, पुढं भिंग. आणि उजेडाचा रंग?"

"रंग पण असतो?"

"असतो तर. पांढरा डोळ्यांत खुपतो. झोपलेलं माणूस दचकतं." तिनं पेन्सिल बोटांत फिरवली. "गाय दचकते. पिवळसर बरा. मला तरी पिवळसर आवडतो."

कागदाच्या तळाशी एनॉसनं ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'उजेड जितका जास्त होईल तितका.' पहिली टॉर्च करणारा प्रत्येक जण तेच लिहून आणायचा. मलिंडानं त्यावर आडवी रेघ मारली.

"बटण दाबल्यावर आधी अगदी मंद लागेल असं करू. जागं असणाऱ्याला तेवढा पुरतो."

एनॉसनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कोपऱ्यात कानस पुन्हा सुरू झाली होती, नेहमीपेक्षा जरा जोरातच.

"आणि समज," तो हळूच म्हणाला, "एवढं सगळं करून गायीनं तोंडच फिरवलं तर?"

मलिंडानं खणातून खोडरबर काढलं, 'पस्तीस' पुसलं, कागदावरचा चुरा फुंकला आणि त्या जागी नीट अक्षरात लिहिलं, 'बेचाळीस.'

"अक्रोडापासून बेचाळीस भरतात," ती म्हणाली. "दोरी मीच बांधलीय."