शेळी आधीच सापडली होती

मुलांनो, त्या रांगेत तुम्हीच उभे आहात असं समजा. समोर चार पायऱ्या, वर मंच, मंचावर उघडं पुस्तक. खाली कॉलेजचं सभागृह गच्च भरलेलं. तुमच्यापुढे फक्त पोस्टमनकाका. त्यांचं झालं की तुम्ही.

तिथे खरं तर एक लहान मुलगी उभी होती. वर्गात तिला सगळे ‘बोटवाली’ म्हणत. शब्दाखाली बोट धरल्याशिवाय तिला वाचता येत नसे. बोट उचललं की ओळी एकमेकींत घुसत.

कॉलेजने त्या वर्षी सगळ्या गावाला एकच पुस्तक वाचायला दिलं होतं. एका होडीवाल्याची आणि त्याच्या हरवलेल्या शेळीची गोष्ट. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, जिथे तिथे शेळीचीच विचारपूस. आणि आज ते पुस्तक सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं होतं. एकेकाने एकेक पान. बोटवालीच्या वाट्याला आलं होतं बेचाळिसावं.

तिने ते आजोबांच्या पुस्तकातून घोकून घोकून पाठ केलं होतं. पाठ असलं की बोट लागणार नाही, आणि तिसऱ्या रांगेत बसलेला वर्ग हसणार नाही. शेवटी आजोबाच हात जोडून म्हणाले होते, “अगं, पुरे आता! मी झोपेतसुद्धा ती शेळी शोधायला लागलोय.”

वर पोस्टमनकाका वाचत होते. “तेवढ्यात झुडपामागून ओळखीचा आवाज आला. होडीवाल्याने धावत जाऊन शेळीला मिठी मारली.”

टाळ्या पडल्या. बोटवाली मात्र दचकली. तिच्या पानावर तर शेळी अजून हरवलेलीच होती!

मग तिच्या लक्षात आलं. आजोबांचं पुस्तक म्हाताऱ्या माणसांसाठी काढलेलं, मोठ्या अक्षरांचं. त्यात एका पानावर मजकूर थोडाच मावायचा. त्यामुळे त्यातलं बेचाळिसावं पान गोष्टीत बरंच मागे राहिलं होतं. मंचावर होतं ते साधं, बारीक अक्षरांचं.

“चला, पुढचं कोण?” वरून हाक आली.

ती मागे वळली. मागे पुढच्या पानासाठी कॉलेजचे प्राचार्य उभे होते. त्यांच्या बुटांचा आवाज ऐकला तरी मोठमोठी मुलं बाजूला व्हायची. पण दुसरं होतंच कोण?

“सर,” ती कुजबुजली, “माझं पान चुकलंय. मी मोठ्या अक्षरांच्या पुस्तकातून पाठ केलं. मला नुसतं बघून धड वाचता येत नाही.”

आता ओरडा बसणार म्हणून तिने मान खाली घातली. तेव्हा तिला सरांचा हात दिसला. तो कोटाचं एकच बटण सारखं लावत आणि काढत होता.

“हळू बोल, बाळ,” सर म्हणाले. “माझंही तेच झालंय. डोळ्यांना त्रास नको म्हणून मीही तेच पुस्तक घेतलं. पोस्टमनने शेळी शोधली, आणि मी अजून नदीकाठी हाका मारतोय!”

“पण तुम्हाला तर वाचता येतं ना?”

“घरी येतं. चार माणसं समोर बसली की ओळी नाचायला लागतात. भाषणंसुद्धा मी पाठ करूनच येतो. कुणाला सांगू नकोस.”

तिला खुदकन हसू आलं.

ती पायऱ्या चढली. पहिल्या शब्दाखाली तिने बोट टेकवलं, अगदी तिसऱ्या रांगेलाही दिसेल असं. मग वाचू लागली. हळू, एकेक शब्द. एका जोडाक्षराशी अडली. सभागृह थांबलं. जोडाक्षर सुटलं, आणि शेळी होडीत बसून घरी निघाली. पान संपलं तेव्हा सगळ्यात आधी टाळी वाजवली ती आजोबांनी, आणि मग वर्गाने.

आता सर वर आले. तिच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, चष्मा सारखा केला, पण शब्द काही फुटेना.

बोटवाली खाली उतरली नाही. तिने समोरच्या पानावर, सरांच्या पहिल्या शब्दाखाली, आपलं बोट धरलं.