आठ दिवसांची विद्यार्थिनी

"बाबा, मी सरांच्या क्लासला नक्की किती दिवस गेले होते?"

शाळा सुटताना मैत्रिणींनी पैज लावली होती, तुझ्या फोटोचा क्लासचा बोर्ड शाळेसमोरच्या चौकात लागायच्या आत हे घरी विचारून दाखव. भिंगरीला वाटलं होतं, विचारायला काय जातंय. आता विचारून झालं होतं आणि ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती.

बाबांनी वर पाहिलंच नाही. ते छापलेल्या चिकट व्हिनाइलच्या मागचा कागद चार बोटं सोलून चिकट कड फोम बोर्डवर टेकवत होते. वरची कड केसभर तिरकी लागली तर खाली पोचेस्तोवर बोटभर तिरकी होते, म्हणून अशा वेळी ते श्वाससुद्धा बेतानं घेत.

"पाय," ते म्हणाले.

भिंगरीनं पेडल दाबलं. लॅमिनेटरचे दोन जाड रोलर गुरगुरत फिरले आणि बोर्डला आत ओढू लागले. बाबा मागचा कागद सावकाश सोडवत राहिले. या बाजूनं नुसता पांढरा कागद दिसत होता. छापलेली बाजू पलीकडे निघत होती आणि तिथं आई दोन्ही हात पुढे करून उभी होती, सुईण उभी असावी तशी.

"क्लासचं नाव आलं," आई म्हणाली. "सरळ आहे. 'आमचीच विद्यार्थिनी' आलं. 'गणितात शंभरपैकी शंभर' आलं. हे बघ, केस आले तुझे. फोटोला तरी नीट विंचरायचे होतेस."

"बाबा, मी काहीतरी विचारलं."

"मशीन चालू असताना प्रश्न नकोत. पाय हलवू नकोस."

पाय हलवायचा नाही, हे तिला पाढ्यांच्या आधीपासून पाठ होतं. व्हिनाइल आत असताना रोलर थांबले की तिथं आडवी रेघ उठते आणि बोर्ड फुकट जातो. म्हणून तिचा उजवा पाय तेवढा खिळल्यासारखा होता. डावी टाच मात्र जमिनीवर ताशा वाजवत होती आणि बोटांनी वेणीचं टोक उसवायला घेतलं होतं.

"आठ दिवस," पलीकडून आईच बोलली. "कपाळ आलं. आठ दिवस गेलीस आणि म्हणालीस, त्यापेक्षा घरी बसून जास्त कळतं."

"त्यातले दोन दिवस सर लग्नाला गेले होते."

"मग सहा. डोळे आले."

"गेली होतीस ना?" बाबा म्हणाले. "झालं तर मग. सहा काय नि साठ काय."

"माझ्या बाकावरची वर्षभर गेली. एक दिवस चुकवला नाही. तिला बेचाळीस पडले. ती म्हणते, मग माझा फोटो का नाही लावत?"

आईला हसू फुटलं. तिनं ते बोर्डाआड लपवलं. "नाक आलं," ती कशीबशी म्हणाली.

"हसू नकोस गं, आई. उद्या सकाळी हा बोर्ड शाळेसमोर लागणार. अख्खी शाळा त्याच्याखालून जाणार, आणि प्रत्येकाला माहितीये मी तिथं किती शिकले ते. सरांना माझा फोटो दिला कुणी?"

कागद सोडवणारा बाबांचा हात जरासा मंदावला.

"मी."

"मला न विचारता?"

"वीस वर्षं लोकांची पोरं चिकटवतोय मी," बाबा कागदाकडेच बघत म्हणाले. "कुणाचं वाढदिवसाचं, कुणाचं निवडणुकीतलं. म्हटलं, एकदा आपलं."

भांडायची सगळी तयारी करून आली होती ती. ती वळून बाबांकडे बघायला लागली. तिचा पाय उचलला गेला.

गुरगुर थांबली. पंख्याची करकर ऐकू यायला लागली.

"पाय," बाबा म्हणाले. मग जरा चढ्या आवाजात, "पाय ठेव, भिंगरे."

भिंगरीनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. लगेच ठेवला असता तर रेघ पुसट उठली असती, लांबून दिसलीही नसती. तिनं पाय ठेवला नाही. मनात दहापर्यंत आकडे मोजले, सावकाश, एकही न गाळता. मग पेडल दाबलं. उरलेली ती बाहेर आली, ओठ, हनुवटी, शाळेच्या गणवेशाची कॉलर. आईनं बोर्ड दोन्ही हातांनी धरून घेतला.

बोर्ड भिंतीला टेकवून तिघं समोर उभे राहिले. रेघ नाकाखालून गेली होती, या कानापासून त्या कानापर्यंत. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा.

"जायची नाही ही," ते म्हणाले. "दुसरी प्रिंट काढायला हवी. सर संध्याकाळी येतील." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मुद्दाम केलंस?" आईनं विचारलं.

"आधी नाही. नंतर हो."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा सोललेल्या कागदाची गुंडाळी करत होते. ती नीट जमत नव्हती.

भिंगरीनं चपला पायात सरकवल्या आणि दारात वळून उभी राहिली.

"दोघंही ऐका. मी आत्ता सरांकडे चाललेय. माझा फोटो नको म्हणून सांगणार. बोर्ड मी खराब केला, तेही मीच सांगणार. आणि हा टाकायचा नाही. बाबा, वरची क्लासच्या नावाची पट्टी कटरनं कापा, अगदी 'विद्यार्थिनी'पर्यंत. बाकीचा घरी, बाहेरच्या खोलीत लावा. रेघ राहू दे."