हुबेहूब

नट इनिसने राजे रंगवले, खुनी रंगवले, पण बक्षीस मिळालं ते टीव्ही मालिकेतल्या तोतऱ्या फौजदाराच्या भूमिकेला. "हे तोतरेपण आणलंत कुठून?" असं विचारलं की तो सांगायचा, "कल्पनेतून."

आठवड्याने तो आरब्रोथला, थोरल्या भावाच्या, वॉल्टरच्या, मासळीच्या दुकानात आला. वॉल्टर गिऱ्हाइकाशी बोलत होता, जन्मभर बोलत आला तसाच.

"कि... कि... किती देऊ, बाई?"

बाई खळखळून हसली. "अरे वा, तो फौजदार! अगदी हुबेहूब! पुन्हा बोला ना. कुठे शिकलात हो?"

कोपऱ्यातल्या इनिसने टोपी काढायला हात उचलला, पण ती डोळ्यांवर आणखी खाली ओढली.

वॉल्टरने ते पाहिलं. धुरी दिलेले मासे कागदात नीट गुंडाळत तो म्हणाला, "टी... टीव्हीवर बघून."