एकसष्टावं वर्ष

"सिस्टर, व्हिसा नाही मिळणार," खिडकीमागचा कारकून पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "रक्ताचा रिपोर्ट सांगतोय, एकसष्टाव्या वर्षी तुम्हाला कंपवात होणार. त्या देशावर उगाच भार."

मिरजेच्या ऊर्मिला आवळेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडतिसाव्या वर्षी एका थेंबात म्हातारपण वाचून दाखवतात, आणि वर भार म्हणतात!

"भाऊ, करार दोनच वर्षांचा आहे. आणि मला बोलावलंय कशाला, ठाऊक आहे? तिथले एक आजोबा कंपवातानंच अंथरुणाला खिळलेत, त्यांना घास भरवायला. बारा वर्षं मी हेच करतेय. माझे हात हवेत, पण ते हात कधी थकायला नकोत. असंच ना?"

"नियम आहे ताई. माझ्या हातात काय आहे?"

त्याच्या हातात शिक्का होता. 'नामंजूर' पहिल्यांदा वाकडं उमटलं. दुसऱ्यांदा मारताना त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. तरी अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी एकमेकांवर फिरतच राहिली. असे हात ऊर्मिलाताई रोज पुसत आल्या होत्या.

"हे कधीपासून?"

त्यानं हात टेबलाखाली लपवला. "साहेबांना सांगू नका. नोकरी जाईल."

त्यांचा राग आणखीच भडकला, फक्त त्याच्यावरचा तेवढा उतरला. पासपोर्ट पर्समध्ये कोंबत त्या म्हणाल्या, "सोमवारी आमच्या वॉर्डात या. तिथे आजारी माणसाला आत घेतात."