हरेल तो नेईल

"हरेल तो बाबांना नेईल," अभिनव म्हणाला. "आणि बरोबरी झाली तर?"

"तर बीरगांवच्या रस्त्यावरचा तो वृद्धाश्रम आहेच, भैया. काल पाहून आलो ना आपण. साफसुथरा आहे," पियुष म्हणाला.

दोघा भावांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

दोघांच्या वडिलांनी, नीलकंठरावांनी, टेबलावरची पितळी घंटी जवळ ओढली. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं घर विकलं गेलं होतं. थोरला लंडनला आणि धाकटा अमेरिकेला परतण्याआधी म्हातारा कुठे जाणार, हे ठरायचं होतं. या घरात सगळं वादविवादानेच ठरत आलं होतं. सायकल कोणाची, खिडकीजवळची खाट कोणाची, सगळं. नीलकंठराव कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत आणि मराठी मंडळाच्या वादविवाद स्पर्धेचे कायमचे परीक्षक असत. पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, विधानसभा भरली. पण नीट भांडता येणारी दोन माणसं आपल्याच घरातून परदेशी गेली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत.

"परीक्षक मीच," ते म्हणाले. "विषय मीच असलो म्हणून का झालं? बोला."

कोपऱ्यातल्या इंदूआत्याने कपाळाला हात लावला. ही नीलकंठरावांची थोरली बहीण; भनपुरीला सुनेच्या मर्जीवर दिवस काढत होती, त्यामुळे तिच्याकडे न्यायचा प्रश्नच नव्हता.

अभिनव उठला. भावाकडे त्याने पाहिलंही नाही. जे बोलायचं ते अध्यक्षांना, म्हणजे बाबांना.

"अध्यक्ष महोदय, माझे सन्माननीय बंधू दर दिवाळीला आपल्या घराचा फोटो पाठवतात. त्यात दोन गाड्यांना वेगळी खोली आहे. बाबा गाडीपेक्षा कमी जागा घेतात, आणि पेट्रोल मागत नाहीत. माझ्या घरी जिना आहे आणि बायको आहे. दोन्हींपुढे बाबांना दम लागेल."

आत्या हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. नीलकंठरावही हसले. वाक्य कमावलेलं होतं.

पियुष टेबल सोडून थेट खोलीच्या मध्ये आला. आधी त्याने आत्याचे आभार मानले, मग बायकोचे, जी तिकडे अमेरिकेत झोपली होती. मग छातीवर हात ठेवला.

"मी दुसरीत होतो. तापाने फणफणलो होतो. रिक्षा नव्हती. एका माणसाने मला खांद्यावर घेतलं आणि बुढापाऱ्यातल्या डॉक्टरांपर्यंत चालत नेलं. आत्या, त्या माणसाला मी बर्फात एकटं बसवू? दिवसभर, बंद घरात? माझं बाबांवर प्रेम आहे. म्हणूनच मी त्यांना नेणार नाही."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अध्यक्ष महोदय," अभिनव बसल्याबसल्या म्हणाला, "ताप मला आला होता."

पियुष आत्याकडे बघून ओल्या डोळ्यांनी हसला. "भैयालाही बाबांची किती आठवण आहे, बघा."

नीलकंठराव मनातल्या मनात गुण मांडत होते. विलायतेत समोरच्याला हसवून मारतात, अमेरिकेत स्वतः रडून, काम तेच. ताप दोघांनाही आला होता. खांद्यावर मुलांच्या आईने नेलं होतं, आधी एकाला, मग दुसऱ्याला. नीलकंठराव त्या दिवशी बिलासपूरला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत परीक्षक. पण वाद चालू असताना परीक्षकाने बोलायचं नसतं.

दोघेही थांबले. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी सायकलसाठी बघत, तसंच.

"निकाल सांगू?" त्यांनी घसा साफ केला. "तयारी दोघांचीही उत्तम. अभिनवचा वार नेमका बसते, शब्द वाया जात नाही. पियुष सभेले हातात घेते. आवाज, हातवारे, थांबणं... कुठेच खोट नाही."

"काहून रे नीळू," आत्या म्हणाली, "तू नापास कोणाले करून राहिला ते सांग ना. त्याच्या घरी जायचं हाय तुले."

बरोबरी म्हणजे परीक्षकाचा आळस, असं नीलकंठराव आयुष्यभर सांगत आले होते. मंडळात त्यांनी ती कधी दिली नव्हती.

"बरोबरी," ते म्हणाले.

मग अभिनव बसल्या जागी तळहाताने टेबल बडवू लागला, आणि पियुष उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

नीलकंठरावांनी दोघांचं होऊ दिलं. मग घंटी वाजवली.

"पुरे," ते म्हणाले. "माही वेळ संपली."